एंड-फेड हाफ-वेव्ह: एसडब्ल्यूआर काही केल्या उतरेना

प्रश्न (गच्चीवरची तार)
हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी (७ मेगाहर्ट्झ) एका टोकातून फीड होणारी अर्ध्या तरंगलांबीची अँटेना म्हणून २१ मीटर तार ताणली आहे, घरच्या वायरिंगची, १.५ चौ.मिमी., इन्सुलेशनसकट. ४९:१ ट्रान्सफॉर्मर २ आणि १४ वेढ्यांचा, रिंग जुन्या एसएमपीएसमधली (स्विचिंग पॉवर सप्लायमधली) पिवळी-पांढरी. ७.१ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (मॅच किती बिघडलाय त्याचं माप, १ म्हणजे अचूक) ६च्या वर, आणि ४च्या खाली कुठेच येत नाही. कोॲक्सला (रेडिओकडून येणाऱ्या जाळीच्या केबलला) हात लावला की आकडा हलतो. तार छाटू का?

कथिलाचा डाग
तारेला पक्कड लावू नका, आधी ती रिंग काढा. पिवळी-पांढरी म्हणजे लोहभुकटीची २६ नंबरची. त्या मापाच्या रिंगवर दोन वेढ्यांचं इंडक्टन्स जेमतेम ०.३७ मायक्रोहेन्री, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला सुमारे १६ ओहम. ५० ओहमच्या फीडला ते समांतर बसतं, मग मॅच होणार कुठून? एफटी२४०-४३ (४३ नंबरच्या फेराइटची रिंग) घ्या, त्यावर तेच दोन वेढे शंभर ओहमच्या वर जातात. ४३ची रिंग बहुधा बिनरंगाची, काळपट राखाडी असते.

गच्चीवर चढवण्याआधी टेबलावर तपासा. १४ वेढ्यांचं टोक आणि ग्राउंड यांच्यामध्ये २.२ के आणि २७० ओहम सिरीजमध्ये लावा. रेझिस्टर कार्बन किंवा मेटल फिल्मचे, पाय आखूड. वायरवाउंड अजिबात नको. नॅनोव्हीएनए (एसडब्ल्यूआर मोजायचं छोटं यंत्र) केबलच्या टोकाशी कॅलिब्रेट करायला विसरू नका.

गच्चीवरची तार
रिंग बदलली. रेझिस्टरवर ७ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर १.३, पण २८ला २.६. तार जोडल्यावर सर्वात कमी १.४, तेही ६.८२ला. हात लावला की अजून हलतंय.

कथिलाचा डाग
२८साठी ५० ओहमच्या बाजूला, सॉकेटच्या मधल्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत १०० पिकोफॅरड लावा. सिल्व्हर मायका किंवा एनपी० (तापल्यावर व्हॅल्यू न बदलणारा सिरॅमिक), निदान १ केव्हीचा. साधा सिरॅमिक तापतो आणि व्हॅल्यू सरकते.

आता तार लांब आहे हे खरं. २१ × ६.८२ ÷ ७.१ = २०.१७, म्हणजे ८३ सेंमी जास्त. तरी कापू नका. टोक ७० सेंमी मागे दुमडून तारेवरच घट्ट पिळा, मोजा, मग पुढे सरका. कापलेली तार परत जोडत बसण्यापेक्षा हे बरं.

उलटा व्ही
हात लावल्यावर आकडा हलतो, कारण कोॲक्सची जाळीच काउंटरपॉइज (परतीच्या करंटची वाट) झाली आहे. चोक (जाळीवरून वाहणारा करंट अडवणारा) बसवा, पण ट्रान्सफॉर्मरला खेटून नको. तसं केलं तर परतीच्या करंटला वाटच उरत नाही. एकतर ग्राउंडला २ मीटर वेगळी तार जोडून चोक लगेच लावा, नाहीतर कोॲक्सचेच पहिले २ मीटर मोकळे सोडून त्यापुढे लावा. चोक म्हणजे दुसऱ्या एफटी२४०-४३वर आरजी-५८ कोॲक्सचे १०-१२ वेढे.

आणि १०० वॉटला तारेच्या दोन्ही टोकांशी सुमारे ७०० व्होल्टचं शिखर असतं. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांचा हात पोचणार नाही इतकं वर बांधा.