मदत हवी आहे: बासच्या हेडपासून कॅबिनेटपर्यंत कोणती वायर घेऊ?

झाडीचा_बास:

नमस्कार मंडळी. मी झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळीत बास गिटार वाजवतो. दिवाळी झाली की आमचा हंगाम लागतो. मंडईचं (म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं) गाव, शंकरपटाचं (बैलांच्या शर्यतीचं) गाव, रात्री पडदा उघडला की उजाडेपर्यंत प्रयोग. मंडप बहुतेक वेळा धान कापलेल्या बांधीत असतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण घरातल्या होम थिएटरचा हिशोब इथे चालत नाही. आमच्या वायरीवर दव पडतं, येणारे-जाणारे पाय देतात आणि पहाटे झोपेने पेंगत कोणीही ती कशीही गुंडाळतो.

सामान असं: सेकंडहँड बास हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा नुसता अँप, ट्रान्झिस्टरचं, मागे 300 वॅट, किमान 4 ओम असं छापलंय. जॅक आणि स्पीकॉन (स्पीकरच्या वायरीचा फिरवून बसणारा प्लग) दोन्ही बसतील अशी दोन सॉकेटं आहेत. कॅबिनेट, म्हणजे स्पीकरच्या पेट्या, दोन, प्रत्येकी 8 ओमचं, दोन्हींना फक्त जॅकचं सॉकेट. एक माझ्या पाठीशी असतं. दुसरं रंगमंचाच्या पलीकडच्या कडेला ठेवतो, नाहीतर तिकडच्या नटांना गाण्यात काहीच आधार मिळत नाही. कडेकडेने फिरवून नेली तर वायर पंधरा मीटर लागते.

विकणाऱ्याने हेडसोबत दोन तयार वायरी दिल्या होत्या. दोन्ही टोकांना पाव इंची जॅक, वरून चांगल्या जाड आणि दणकट. पण दुसरा अंक येईपर्यंत हेडकडचा जॅक हाताला गरम लागतो. शिवाय दोन्ही कॅबिनेट चालू असली की मधोमध उभं राहून खालचे सूर अगदी पोकळ ऐकू येतात. जॅकचं टोपण फिरवून पाहिलं तर आत एकच बारीक तार आणि तिच्याभोवती विणलेली जाळी.

वडशाच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन प्रकार दाखवले: घराच्या वायरिंगची सुटी वायर, पारदर्शक आवरणाची लाल-काळी स्पीकर वायर, आणि काळी गोल दोन-कोरची फ्लेक्सिबल. दुकानदार म्हणतो लाल-काळीच न्या, म्युझिकवाले तीच नेतात. नागपूरला बर्डीवर तयार वायर मिळेल, पण त्यासाठी अख्खा दिवस मोडतो. कोणती घेऊ, किती जाडीची, आणि स्पीकॉनचा काही उपयोग आहे का?

सोल्डरचा_धूर:

जाळी दिसली ना, मग ती गिटारची वायर आहे. जॅक सारखाच असतो म्हणून फसगत होते. गिटारमधून येणारा सिग्नल इवलासा, त्याला करंट म्हणावा असा नसतोच. तिथे जाळी लागते ती जनरेटरची घरघर बाहेर ठेवायला. हेडमधून जे बाहेर पडतं त्याची गोष्ट वेगळी. 300 वॅट 4 ओमवर म्हणजे जवळपास 35 व्होल्ट आणि साडेआठ अँपिअरच्या वर. दोन सॉकेटांतून दोन वायरी गेल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला निम्मा, तरी त्या बारीक तारेला तो जास्तच. तार तापून आतलं आवरण मऊ पडलं आणि ती जाळीला टेकली की शॉर्ट. मग हेडचे आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेच समजा. पुढच्या प्रयोगाआधी बदला.

काळी गोल दोन-कोर घ्या, 2.5 स्क्वेअर एमएम, तांब्याच्या बारीक तारांची. हिशोब सोपा आहे. 2.5 च्या तांब्याला किलोमीटरला साधारण 8 ओम रोध. तुमची वायर पंधरा मीटर, पण करंट जाऊन परत येतो, म्हणजे तीस मीटर धरायची. झाला पाव ओम. 8 ओमच्या कॅबिनेटपुढे तो तीन टक्के, कानाला कळणारही नाही. 1.5 घेतली तर पाच टक्क्यांच्या आसपास जाल, तेही चालून जाईल. 0.75 मात्र नको. जवळच्या कॅबिनेटला दोन मीटर लागते, तिथे 1.5 सुद्धा भरपूर. घरातली सुटी वायर पाइपात एकदा घालून विसरायची असते, रोज गुंडाळायची नसते.

मोर्शीकर:

मी इकडं मंडप-माइकचं काम करतो भाऊ. एवढी जाड वायर कायले पाह्यजे? आमी भोंग्याले बारीक वायर लावतो, पार वेशीपर्यंत नेतो, काई होत नाई. बाकी लाल-काळी घेऊ नोका, हे मातर खरं. तेच्यात बहुतेक वेळा अल्युमिनियम रायते, वरून तांब्याचा नुसता मुलामा. दुकानातच ब्लेडनं एक तार खरडून पाहा. आतून पांढरी निंगाली तं तिथंच वापस द्या.

सोल्डरचा_धूर:

मोर्शीकर, तुमचा भोंगा 100 व्होल्टच्या लाइनवर चालतो. पीए अँपच्या (सभा-मंडपातल्या लाउडस्पीकरच्या अँपच्या) मागे 4, 8, 16 ओमच्या शेजारी 70 आणि 100 व्होल्टचे स्क्रू असतात ना, तिथून. 100 वॅट 100 व्होल्टवर नेले तर करंट फक्त 1 अँपिअर, म्हणून बारीक वायर चालते. भोंग्याजवळचा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज परत उतरवतो. यांच्या बास हेडला ती सोय नाही. ब्लेडची युक्ती मात्र लाख मोलाची. तसली मुलाम्याची वायर घ्यायचीच वेळ आली तर दीडपट जाड घ्यावी लागते, आणि तिच्या तारा वाकवून वाकवून लवकर तुटतात.

स्पीकॉनबद्दल: हेडला सॉकेट आहेच, तर वायरीच्या त्या टोकाला स्पीकॉन बसवा. तो फिरवून लॉक होतो, कोणाचा पाय अडकला तरी निघत नाही. जॅक चालू अँपवर घालताना-काढताना क्षणभर शॉर्ट होऊ शकतो, स्पीकॉनला ती भीती नाही. त्यावर 1+, 1−, 2+, 2− असं लिहिलेलं असतं, तुम्हाला 1+ आणि 1− पुरे. दुसऱ्या टोकाला सध्या जॅक राहू द्या: 1+ जॅकच्या टोकाला, 1− बाहेरच्या नळीला.

एक गोष्ट मात्र मनाला पटत नाही. बारीक वायरीने आवाज थोडा कमी होईल, ढिला होईल, पण पोकळ होणार नाही. तेही दोन्ही चालू असताना, आणि मधोमध? मला वाटतं एका कॅबिनेटचे प्लस-मायनस उलटे आहेत. एकाचा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो आणि खालचे सूर एकमेकांना खातात. वायर बदलून ते जाणार नाही. हेडपासून वायर काढा, घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या, प्लस जॅकच्या टोकाला आणि मायनस नळीला क्षणभर टेकवा. कोन कुठे सरकतो ते पाहा.

झाडीचा_बास:

वायर आणली, 2.5 ची. खरडून पाहिली, आतपर्यंत तांबडी. स्पीकॉन पोस्टाने मागवले, तोवर दोन्हीकडे जॅकच लावलेत. कालच्या प्रयोगात जॅक शेवटपर्यंत थंड होता.

आज दुपारी सेल लावला. माझ्या पाठीमागच्या कॅबिनेटचे कोन टक् करून बाहेर आले. पलीकडच्याचे आत गेले, चारही. तुमचं बरोबर निघालं. आता लांबच्या वायरीतच एका टोकाला दोन तारा उलट्या जोडल्या तर चालेल ना? कॅबिनेटचे स्क्रू गंजलेत, उघडायचा कंटाळा आहे.

आणि आमचे ऑर्गनवाले काका म्हणतात अजून एक 8 ओमचं कॅबिनेट आहे घरी, तेही जोडू.

सोल्डरचा_धूर:

काकांना नमस्कार सांगा आणि ते कॅबिनेट घरीच ठेवा. 8 ओमची तीन म्हणजे 2.7 ओमच्या खाली, तुमचं हेड 4 च्या खाली जाऊ नये असं त्यावर छापलंय.

तारा वायरीत उलटवू नका. आठवडाभराने पहाटेच्या अंधारात ती वायर दुसऱ्या कॅबिनेटला लागेल आणि बिघाड पुन्हा हजर. गंजलेल्या स्क्रूवर रात्री थोडं रॉकेल सोडून ठेवा, सकाळी निघतील. सॉकेटच्या मागच्या दोन तारा बदला, म्हणजे कोणतीही वायर कुठेही लागली तरी बिनधास्त.

मोर्शीकर:

रॉकेल आता कुटं भेटते भाऊ, डिझेल टाका.