आघाड्या नुसत्या परिषदा भरवतात?

या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की आफ्रिकेतल्या स्वयंसेवी संस्थांच्या आघाड्या शाश्वत विकासावर फक्त परिषदा भरवतात. निधी बाहेरून येतो, हे खरंच. पण मापुटो प्रोटोकॉलचं उदाहरण पाहा. महिलांच्या हक्कांचा हा करार आफ्रिकन युनियनने (आफ्रिकी देशांच्या संघटनेने) जुलै २००३मध्ये स्वीकारला, मात्र लागू व्हायला १५ देशांनी नुसती सही न करता रीतसर मान्यता (रॅटिफिकेशन) द्यायला हवी होती. २००४मध्ये अनेक देशांतल्या संस्थांनी 'सोआर' ही आघाडी उभारली आणि थेट युनियनच्या शिखर बैठकीतच फुटबॉलच्या पंचासारखी कार्डं काढली! मान्यता दिली त्यांना हिरवं, नुसती सही केली त्यांना पिवळं, काहीच नाही त्यांना लाल. जोडीला मोबाइलच्या एसएमएसवरून सह्यांची मोहीम, तीही २००४ साली. नोव्हेंबर २००५मध्ये करार लागू झाला. सगळं श्रेय आघाडीचं नाही, पण सरकारांना चारचौघांत उघडं पाडण्याचा उपयोग झाला, असं माझं मत.

आणि हा विषयाबाहेरचा मुद्दा नव्हे. कराराचं १९वं कलम शाश्वत विकासाच्या हक्काचंच आहे, त्यात जमिनीवर बायकांचा ताबा असावा हेही आलं. अंमलबजावणी रखडलीय ती देशोदेशीच्या कायद्यांत आणि रूढींत. तिथे एकेका देशातल्या संस्थांनाच झगडावं लागतं.