मदत हवी आहे: घरात सगळ्यात जास्त धोका कोणाला, हे ठरवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

एकदा केलेली चूक पुन्हा करायची नाही म्हणून हा धागा काढतेय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

२०२० साली कोविड आला तेव्हा आम्ही घरात साधा हिशेब केला. कोणाला काय आजार आहे? आईला (तेव्हा वय ६४) मधुमेह, बीपी, वजनही थोडं जास्त. बाबा (तेव्हा ७५) सडपातळ, एकही गोळी चालू नाही, रोज पहाटे तासभर चालणारे. म्हणजे आई नाजूक, बाबा ठणठणीत. आईला आतल्या खोलीत बसवलं आणि बँक, औषधं, सामान ही बाहेरची सगळी कामं बाबांनी हौसेनं अंगावर घेतली. "मला काय धाड भरलीये?" हे त्यांचं पालुपद.

पुढचं ओळखलंच असेल. आजार बाबांनीच घरात आणला. आईला तीन दिवस ताप-खोकला, आठवडाभरात हिंडाफिरायला लागली. बाबांना ताप जेमतेम, पण सातव्या दिवशी काहीतरी असंबद्ध बोलायला लागले. आम्हाला वाटलं झोप झाली नसेल. शेजाऱ्यांकडून ऑक्सिमीटर आणून लावला, तर ८६! आणि बाबा म्हणतायत, मला अजिबात दम लागत नाहीये. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. वाचले. आता ऐंशी ओलांडलीय, पण पहाटेचं चालणं कोपऱ्यापर्यंतच उरलंय.

त्याच काळात आईने कुठलातरी फॉरवर्ड वाचून बीपीची गोळी परस्पर आठ दिवस बंद ठेवली होती. ते आम्हाला नंतर कळलं.

आता अशी साथ पुन्हा आलीच तर घरात आधीच ठरवून ठेवलेला एक कागद असावा असं वाटतंय. प्रश्न असे:

निरोगी पण जास्त वयाचा माणूस आणि त्याच्याहून लहान पण आजार असलेला माणूस, यात आधी कोणाला जपायचं? मला (४२) लहानपणापासून दमा आहे, वर्षातून दोन-तीनदा पंप लागतो, तर मी यादीत कुठे? धाकटी बहीण गरोदर आहे, तिचं काय? आणि भावाचं म्हणणं, प्रत्येक आजाराला गुण द्यायचे, मधुमेहाला २, बीपीला १, आणि बेरीज करायची. हे चालेल का? (त्याचं स्वतःचं वजन ११८ किलो आहे, ते तो यादीत धरत नाही.)

'सकारात्मक राहा' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरी भरपूर मिळतात.

---

आकडेमोड्या:

ताई, भावाची बेरीज चालणार नाही. वेगवेगळ्या कारणांचा धोका साधारण गुणाकाराने वाढतो, आणि तो गुणाकार ज्या मूळ आकड्यावर होतो तो आकडा वय ठरवतं. लस नव्हती त्या काळातले, अनेक देशांचे अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे बघा. कोविडचा संसर्ग झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण ५५व्या वर्षी सुमारे ०.४ टक्के, ६५व्या वर्षी १.४, ७५व्या वर्षी ४.६ आणि ८५व्या वर्षी १५. दर दहा वर्षांना तिप्पट किंवा त्याहून जास्त.

आता आजारांचं बघू. इंग्लंडमधल्या ओपनसेफली अभ्यासात (२०२०, सुमारे १.७ कोटी प्रौढांच्या नोंदी) साखर आटोक्यात नसेल तर मृत्यूचा धोका १.९५ पट, आटोक्यात असेल तर १.३१ पट निघाला. पुरुष असणं हेच १.५९ पट. म्हणजे बाबांची जास्तीची ११ वर्षं आणि पुरुष असणं मिळून सहापटीच्या आसपास जातं, आणि आईचा मधुमेह फार तर दुप्पट. दोन अभ्यासांचे आकडे असे एकमेकांना चिकटवणं शास्त्रशुद्ध नाही हे मान्य, पण दिशा चुकत नाही. तुम्ही आजार मोजलेत आणि वय मोजायचं राहिलं. बहुतेक घरांत हेच झालं.

तुमचा दमा: त्याच अभ्यासात अलीकडे स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या न लागलेल्या दमेकऱ्यांचा धोका इतरांइतकाच होता. गोळ्या लागल्या असतील तर किंचित जास्त, १.१३ पट. तेव्हा पंप नियमित ठेवा आणि बाहेरची कामं बाबांकडून काढून घ्या.

---

रात्रपाळी:

अतिदक्षता विभागात काम करते. वरच्या हिशेबाशी सहमत, पण त्यात न मावणाऱ्या काही गोष्टी सांगते.

बाबांना दम लागला नाही यात नवल नाही. या आजारात रक्तातला ऑक्सिजन बराच उतरला तरी अनेकांना धाप लागत नाही. शिवाय वयस्कर माणसांत ताप-खोकल्याऐवजी गोंधळलेपणा, पडणं, जेवण टाकणं हीच पहिली खूण असू शकते. कागदावर ठळक लिहा: 'असंबद्ध बोलणं म्हणजे लगेच ऑक्सिमीटर.' आणि बिघाड बहुधा दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी होतो, त्यामुळे चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून मोजणं थांबवायचं नाही. आकडा ९४च्या खाली येत राहिला तर वाट बघत बसू नका. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, तेही लक्षात असू द्या.

'ठणठणीत म्हातारा' एकदम का कोसळतो याचं एक कारण २०२० मध्येच सापडलं. शरीर विषाणूविरुद्ध पहिल्या काही तासांत इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडतं. काही लोकांच्या रक्तात या इंटरफेरॉनलाच निकामी करणारी प्रतिपिंडं आधीपासून असतात. कोविडने अत्यवस्थ झालेल्यांपैकी साधारण दहा टक्क्यांत ती सापडली, त्यात पुरुषच फार. सत्तरीनंतर ती सुमारे चार टक्के लोकांत आढळतात. बाबांचं तेच झालं असं मी म्हणत नाही, पण एकही गोळी चालू नसणं याचा अर्थ प्रतिकारशक्ती तरुण आहे असा होत नाही.

भावाचं वजन यादीत घ्या. पोटावरची चरबी श्वासपटलाला वर दाबते, फुफ्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही. झोपवून उपचार करताना तर ते फारच जाणवतं. त्याला नाराज व्हायचं तर होऊ दे.

बीपीच्या गोळीचा घोळ तेव्हा खूप घरांत झाला. विषाणू पेशीत शिरायला एसीई-२ हे प्रथिन वापरतो आणि बीपीच्या काही औषधांचा त्याच साखळीशी संबंध आहे, एवढ्यावरून ती भीती पसरली. नंतर रीतसर चाचण्या झाल्या, गोळ्या थांबवून काहीही फायदा दिसला नाही. आईंना सांगा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद नाही.

---

पिवळी पानं:

एक सावधगिरी. वरचं सगळं कोविडचं आहे. पुढचा विषाणू हाच क्रम पाळेल असं धरून कागद लॅमिनेट करू नका!

२००९च्या स्वाइन फ्लूत उलटं झालं होतं. म्हाताऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तरुणपणी भेटलेल्या जुन्या फ्लूमुळे थोडं संरक्षण होतं, आणि मृत्यूंपैकी बहुतेक ६५ वर्षांखालचे होते. गरोदर बायका आणि अतिस्थूल माणसं तेव्हा ठळकपणे नजरेत आली. १९१८ मध्ये तर २० ते ४० वयाची धडधाकट माणसं मोठ्या संख्येने गेली. त्यामुळे साथीच्या पहिल्या काही आठवड्यांत अतिदक्षता विभागात कोण भरती होतंय याच्या बातम्यांकडे लक्ष ठेवा आणि क्रम बदलायची तयारी ठेवा.

गरोदर बहिणीला मात्र वरच्याच यादीत धरा. वाढलेलं गर्भाशय श्वासपटल वर ढकलतं, ऑक्सिजनची गरज वाढलेली असते, आणि हे श्वसनाच्या जवळपास प्रत्येक विषाणूला लागू आहे. लस उपलब्ध असेल तर तिच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. आईने घेतलेल्या लशीची प्रतिपिंडं बाळालाही मिळतात.

---

उंबरठा:

+१. किडनी विसरलात सगळे. डायलिसिसवरचे, अवयव बदललेले, रक्ताचा कर्करोग असलेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे घरात कोणी असतील तर ते वयाने लहान असले तरी वर येतात. त्यांच्यात लससुद्धा कमी लागू पडते.

कागदावर आणखी एक रकाना करा: चालू औषधं. कोविडच्या निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर गोळ्या लक्षणं दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्यांचं जमत नाही. फ्लूचं ऑसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत जास्त उपयोगी. ऐन वेळी चुरगळलेल्या चिठ्ठ्या शोधत बसलं तर हेच दिवस निघून जातात.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी, तुमचा 'असंबद्ध बोलणं' वाला मुद्दा वाचून आई रडली. तिला तो सातवा दिवस अजून लख्ख आठवतो.

कागद केला. वरती बाबा आणि बहीण, मग आई, मग भाऊ, शेवटी मी. खाली पेन्सिलने लिहिलंय, 'विषाणू बघून क्रम बदलायचा.' बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "मग बँकेत कोण जाणार?" मी म्हटलं, मी. त्यावर पंपाचा विषय निघाला, तो अजून मिटलेला नाही.

भावाने वजनाच्या रकान्यात ११२ लिहिलंय. आईच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट सापडत नाहीये, तेव्हा १.९५ की १.३१ हे कळायला उद्या तिला रक्त द्यायला नेतेय.