मेनमध्ये काय ठेवायचं, काय नाही

गुणांची सरासरी काढणारा ६० ओळींचा सलग पायथन प्रोग्राम फंक्शन्समध्ये (नाव दिलेल्या छोट्या तुकड्यांत) कसा पाडायचा, असा प्रश्न आहे.

तीन कामं तीन वेगळ्या फंक्शन्समध्ये करा: गुण वाचणं, सरासरी काढणं, निकाल छापणं. मधल्या फंक्शनमध्ये इनपुट नको, प्रिंटही नको. यादी आर्ग्युमेंट म्हणून (बाहेरून दिलेली किंमत म्हणून) घ्या, उत्तर रिटर्न करा, म्हणजे परत द्या. बहुतेक जण इथेच अडकतात. सरासरी आतच प्रिंट केली आणि रिटर्न राहून गेलं, तर बाहेर 'नन' (म्हणजे 'काहीच नाही') हाती येतं आणि ते ४० सारख्या आकड्यापेक्षा लहान की मोठं, अशी तुलना केली की टाइपएरर, म्हणजे चुकीच्या प्रकारच्या किमतीचा एरर. रिटर्न असेल तर ७०, ८०, ९० देऊन ८० येतात का, हे एका ओळीत तपासता येतं. (यादी रिकामी असेल तर शून्याने भागाकार होईल, ती अटही तिथेच घाला.)

मेनमध्ये, म्हणजे सगळं सुरू करणाऱ्या मुख्य फंक्शनमध्ये, फक्त या तिघांना बोलावणारे तीन कॉल, क्रमाने. व्हेरिएबल्सही त्याच्या आतच. 'एकूण' बाहेर ठेवून फंक्शनमध्ये 'एकूण += गुण' केलंत, तर पायथन ते नाव लोकल (फक्त त्या फंक्शनपुरतं) धरतो आणि अनबाउंडलोकलएरर येतो, कारण आत त्या नावाला अजून किंमतच नसते. तिथे ग्लोबल (म्हणजे 'बाहेरचंच नाव वापर') लिहून वेळ मारून नेऊ नका, कृपया.

शेवटी मेनला कॉल करताना कंस हवेतच. ते विसरले तर एरर येत नाही, प्रोग्राम काही न करता गपचूप संपतो. हा कॉल, पायथन स्वतःच भरतो त्या 'नेम' व्हेरिएबलची किंमत 'मेन' आहे का (दोन्हींच्या मागे-पुढे दोन-दोन अंडरस्कोर) या इफखाली ठेवा. मग फाइल इम्पोर्ट केल्यावर (दुसऱ्या प्रोग्राममध्ये वापरायला घेतल्यावर) ती गुण विचारत बसणार नाही. तो इफ डाव्या कडेलाच हवा. चुकून मेनच्या आत इंडेंट झाला, तर मेन कधीच चालणार नाही.