निफाडच्या थंडीत डिझेल गाडी सकाळी सुरूच होत नाही, हीटर प्लग नेमके कुठे असतात आणि घरी बदलता येतात का?

बागाईतदार_निफाड
नमस्कार मंडळी, गाडी २००७ ची डिझेल हॅचबॅक आहे, १४०५ सीसी, टर्बो नाही, १ लाख ६२ हजार किमी झालेत. दुपारी अर्ध्या सेलमध्ये उठते पण डिसेंबर लागल्यापासून सकाळी सहाला सेल मारून मारून जीव जातो, आणि इकडची थंडी तुम्हाला माहितीच आहे, बागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते. सुरू झाली की पहिलं मिनिटभर तीन पायांवर चालल्यासारखी धडधडते, पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास. बायकोची सकाळची शाळा आहे, तिला साडेसहाला निघावं लागतं आणि या आठवड्यात दोनदा तिला शेजाऱ्यांच्या मोटारसायकलवर जावं लागलं, मला फार वाईट वाटलं. एका गॅरेजवाल्याने बॅटरी गेली म्हणून नवीन टाकायला लावली, पाच हजार गेले आणि फरक शून्य. आता दुसरा म्हणतोय पंप उतरवावा लागेल. मला वाटतंय हीटर प्लग असतील पण बॉनेट उघडून बघितलं तर कुठला हीटर आणि कुठला काय तेच कळेना. कुणी समजावून सांगेल का?

जुनं_डिझेल
१४०५ म्हटल्यावर गाडी कळलीच भाऊ, माझ्याकडे तीच अकरा वर्षं होती. पंपाला हात लावू देऊ नका. पंप किंवा इंजेक्टरची गडबड असती तर गाडीने गरम असतानाही त्रास दिला असता, तुमची फक्त थंड असताना देतेय आणि मिनिटभरात सुधारतेय, म्हणजे आधी हीटरच बघायचे.

हे इंजिन इंडायरेक्ट इंजेक्शनचं आहे. डिझेल सरळ पिस्टनवर पडत नाही, हेडमधल्या (इंजिनच्या वरच्या झाकणातल्या) छोट्या कप्प्यात पडतं आणि तिथे पेट घेतं. त्या कप्प्याच्या थंडगार भिंती दाबलेल्या हवेची उष्णता ओढून घेतात, म्हणून या इंजिनांना कॉम्प्रेशन २२ च्या आसपास (म्हणजे हवा साधारण बावीस पट दाबली जाते) असूनही थंडीत हीटर लागतोच. नवीन कॉमन रेल गाड्या, ज्यांत डिझेल सरळ पिस्टनवर पडतं, आपल्याकडच्या हवेत एखादा प्लग मेला तरी तक्रार न करता उठतात, आपली नाही उठत.

आता शोधायचं कसं. हेडवर सिलेंडरमागे एक असे चार इंजेक्टर दिसतील, त्यांना लोखंडी कडक डिझेल पाइप आलेला असतो. त्यांच्याच जवळ, थोडे खाली, पेन्सिलीएवढे बारीक चार प्लग असतात ज्यांना पाइप नसतो, नुसती वीज येते. लक्षात ठेवा, पाइप आला तो इंजेक्टर, नुसती वायर आली तो हीटर. माझ्या गाडीत चारही प्लगांवरून एक धातूची पट्टी गेलेली होती आणि पट्टीला रिलेकडून (हीटरची वीज चालू-बंद करणारा स्विच) एक जाड वायर, ती वायर धरून मागे गेलात तरी सापडतील.

घाटावरचा_ड्रायव्हर
एवढं कशाला करताय, स्टार्टिंग स्प्रेचा डबा आणा आणि एअर फिल्टरमध्ये एक फवारा मारा, गाडी लगेच उठते, मी दोन हिवाळे काढलेत.

वायरिंगवाला
दादा कृपया हे कुणी करू नका. त्या स्प्रेत ईथर असतं. ज्या इंजिनात हीटर लालबुंद होतो तिथे ते पिस्टन वर यायच्या आधीच भडकतं, रिंगा तुटतात, पिस्टनला तडे जातात. तुमचे चारही हीटर मेलेले असतील म्हणून इंजिन वाचलं, याच्या गाडीतले दोन जरी जिवंत असले तरी इंजिन खोलायची वेळ येईल.

बागाईतदार भाऊ, बदलायच्या आधी तपासा, साध्या मल्टिमीटरने दहा मिनिटांचं काम आहे. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. पट्टीचे नट काढून पट्टी बाजूला करा, कारण पट्टी असेल तर चारही प्लग एकमेकांना जोडलेले राहतात आणि मेलेला प्लग जिवंतांच्या मागे लपतो, इथेच बहुतेकांची फसगत होते. मीटर सगळ्यात खालच्या ओहमवर, आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून किती दाखवतोय ते बघा आणि तेवढं वजा करा. मग एक पिन प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला. चांगला प्लग साधारण अर्धा ते दीड ओहम, मेलेल्यावर मीटर ओएल दाखवेल, म्हणजे आतली कॉइल तुटलेली. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा (यासाठी निगेटिव्ह परत जोडावी लागेल) आणि टोक प्लगला टेकवा, दिवा लागला तर आतली कॉइल शाबूत.

चारही चांगले निघाले तर पट्टी आणि बॅटरीची निगेटिव्ह परत लावून चावी ऑन करा, पट्टी आणि बॉडीमध्ये काही सेकंद ११ व्होल्टच्या वर यायला हवेत. नाही आले तर रिले किंवा त्याचा मोठा फ्यूज. प्लग एकदम चार मरत नाहीत, फ्यूज उडाला की चारही एकदम थंड.

जुनं_डिझेल
बरोबर. आणि काढताना घाई नको, खरी भीती तिथे आहे. प्लगचं टोक कार्बनमध्ये बसलेलं असतं, जोर लावला की मान तुटून अर्धा आतच राहतो आणि मग हेड उतरवून लेथवाल्याकडे. रात्री मुळाशी रस्ट स्प्रे मारून ठेवा, सकाळी गाडी फिरवून इंजिन चांगलं गरम करा आणि गरम असतानाच, लांब गोटीने (सॉकेटने), छोट्या रॅचेटवर. थोडा सैल, थोडा परत आत, पुन्हा सैल. एम१० प्लगला (एम म्हणजे आट्यांची जाडी मिलिमीटरमध्ये) काढताना ३५ आणि एम१२ ला ४५ न्यूटन मीटरच्या वर जायचं नाही, तिथवर नाही सुटला तर थांबा, पुन्हा स्प्रे, पुन्हा गरम.

नवीन बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा. शेवटी एम१० ला १५ आणि एम१२ ला २२ च्या आसपास पुरे. वरचा बारीक नट तर दोन बोटांनी पाना धरून, तो तुटला की नवीन प्लग गेला. आणि दोनच मेले असले तरी चारही बदला, उरलेल्यांचं वय तेवढंच आहे.

बागाईतदार_निफाड
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काल रविवारी केलं. पाइप आणि वायरचा फरक कळल्यावर दोन मिनिटांत सापडले. १ आणि ४ चांगले, ०.९ आणि १, तर २ आणि ३ सरळ ओएल. तिसऱ्याने घाम काढला, दोन तास लागले, मधे दोनदा गाडी पिंपळगावपर्यंत फिरवून आणली, शेवटी कुर्र असा आवाज करत सुटला, टोक फुगून फाटलेलं आणि काळा कार्बन चिकटलेला. आज सकाळी चारही नवीन हीटरवर, बाहेर ७ अंश. डॅशबोर्डवरचा हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबलो, एका सेलमध्ये उठली, धूर नाही. बायको वेळेत पोचली. एकच विचारायचंय, दिवा विझल्यावर सात-आठ सेकंदांनी आतून टक् असा आवाज येतो, काही राहिलंय का?

वायरिंगवाला
तो रिले सुटल्याचा आवाज. दिवा आधी विझतो, रिले थोडा वेळ धरून ठेवतो. आवाज यायलाच हवा.