स्थलांतरित शिक्षकांचे प्रशिक्षण आणि चिकित्सक विचार

प्रश्न: आमच्या प्रशिक्षणवर्गात परदेशातून आलेले अनुभवी शिक्षक आहेत. 'या पाठातील उणिवा सांगा' असे म्हटले की ते गप्प बसतात आणि आमचे सहकारी लगेच 'चिकित्सक विचार कमी' असा शेरा मारून मोकळे होतात. हा दोष विचारांचा की संस्कृतीचा?

उत्तर १: गप्प राहणे म्हणजे विचार न करणे नव्हे. मीही असाच आलेला शिक्षक आहे. वडीलधाऱ्यांच्या देखत त्यांचा पाठ खोडून काढणे मला उद्धटपणाचे वाटे. त्याच पाठावर नाव न घालता लिहायला सांगितल्यावर मात्र मी दोन पाने आक्षेप लिहिले.

उत्तर २: डच समाजमानसशास्त्रज्ञ हॉफस्टेड यांची 'सत्ता-अंतर' (वरिष्ठ-कनिष्ठांमधली सत्तेची विषमता लोक कितपत स्वाभाविक मानतात) ही कल्पना इथे उपयोगी आहे, पण जपून वापरावी, तिच्यामागची माहिती १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम या संगणक कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून गोळा केलेली होती, शिक्षकांकडून नव्हे, आणि देशाच्या सरासरीवरून समोरचा माणूस ओळखता येत नाही.

प्रश्नकर्ता: मग उद्या प्रश्नच बदलतो: 'हा पाठ तुम्ही पूर्वीच्या वर्गात कसा घेतला असता, आणि का?' शेरे मात्र तूर्त थांबवायला सांगतो.