ताजं मटण पातेल्यात फडफडतं, ते जिवंत असतं का?

चुलीपाशी:
रविवारी बोकड कापल्या कापल्या मटण घेऊन घरी आलो, दुकान गल्लीच्या तोंडाशीच आहे. मीठ-हळद चोळत होते तर मांडीचा एक तुकडा बोटांखाली चक्क हलला. वरचा पातळ थर आतल्या आत सरकला, थांबला, पुन्हा सरकला. मी हात काढून घेतला तरी चालूच. सासूबाईंनी पातेलं बाजूला ठेवायला लावलं. म्हणाल्या, जीव अजून गेलेला नाही, चुलीवर चढवायचं नाही. नवरा म्हणतो आत वारं अडकलेलं असतं.

लेक नववीत आहे. तिने पट्टकी, अपट्टकी, हृदय स्नायू असं धडाधड म्हणून दाखवलं, पण पुस्तकात याचं उत्तर नाही. खरं सांगायचं तर मला एवढंच हवंय, की त्या बोकडाला तेव्हा काही कळत होतं का?

फरा_सीना_चाप:
ताई, आमचं दुकान आजोबांपासूनचं. हे रोजचंच आहे. मांडी, मान आणि बरगड्यांवरचा पातळ पडदा, इथे जास्त दिसतं. गिऱ्हाईकाला उलट तेच पाहिजे असतं, फडफडलं की ताजं. वारंबिरं काही नसतं. लांबून दमवत, पळवत आणलेलं जनावर लवकर ताठतं, एवढं आम्हाला अनुभवाने माहीत. त्याचं कारण शिकलेल्यांनी सांगावं.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर:
शिकलेला म्हणण्यापेक्षा घासलेला म्हणा. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला उभं राहण्यात नोकरी गेली. ज्या काळी बेडूक कापायची परवानगी होती तेव्हाचा माणूस मी.

आधी ताईंचा खरा प्रश्न. नाही, कळत नव्हतं. वेदना मांडीत तयार होत नाही, मेंदूत होते. मांडीतली चेता, म्हणजे मज्जातंतू, फक्त निरोप पोचवते, आणि पातेल्यातल्या तुकड्याचा निरोप घ्यायला पलीकडे कोणी उरलेलंच नाही. रक्त थांबलं की सगळ्यात आधी मेंदू जातो. शुद्ध लवकरच हरपते, आणि प्राणवायूविना चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशी कायमच्या बिघडू लागतात. स्नायूचं तसं नाही. त्याच्याकडे ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा, साठा असतो, प्राणवायू नसला तरी तो साठा मोडून स्नायू एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवत राहतो. बोकड मेलं हे खरं, आणि मांडीच्या पेशी मेल्या नव्हत्या हेही खरं. सासूबाईंचं निरीक्षण पक्कं आहे, निष्कर्ष तेवढा मान्य करू नका.

आता फडफड. स्नायूतंतूच्या आणि चेतेच्या पटलाला, म्हणजे पातळ आवरणाला, आतून-बाहेरून विजेचा फरक असतो, साधारण 70 ते 90 मिलिव्होल्ट, आतली बाजू ऋण. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, आणि हा फरक टिकवायलाही एटीपी खर्चावा लागतो. रसद तुटली की फरक ढासळू लागतो आणि मध्येच कुठलातरी तंतू आपोआप चेतवला जातो. त्यात तुम्ही वरून मीठ चोळलंत, म्हणजे सोडियमच. चेतेच्या टोकातून असिटिलकोलीन नावाचं निरोप्या रसायन सुटतं, तंतूच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर येतं, आणि मायोसिन या प्रथिनाचे हात ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या तारा ओढू लागतात. तुमच्या बोटांखाली सरकलं ते हे.

पुढची गंमत मात्र वर्गात कोणाला पटायची नाही. स्नायूला आखडायला ताकद लागते हे सगळ्यांना कळतं, पण सैल पडायलाही एटीपी लागतो. रस्सीखेचीत हात दोरीला चिकटून बसावेत आणि सोडवायला वेगळं बळ लागावं, असा प्रकार. एटीपीचा नवा रेणू येऊन बसल्याशिवाय मायोसिन ॲक्टिनला सोडत नाही. साठा संपला की सगळे हात धरलेल्या जागी अडकतात आणि मटण ताठतं. दुकानदार म्हणतात ते दमलेलं जनावर याच कारणाने लवकर ताठतं, त्याचं ग्लायकोजेन आधीच जळालेलं असतं. पुढे पेशीतलीच विकरं, म्हणजे प्रथिनं तोडणारी रसायनं, तारांचे आधार कुरतडतात आणि मांस पुन्हा नरम होतं. तोपर्यंत लॅक्टिक आम्ल साचून पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) सातवरून साडेपाचच्या आसपास उतरलेला असतो.

लेकीला पुस्तक बंद करून ओट्यापाशी उभं करा. शिजलेल्या मांडीच्या मटणाची जी रेष सुटते ना, ती एक पेशी नव्हे, शेकडो तंतूंची जुडी असते. एकेक तंतू म्हणजे एक लांबलचक पेशी, तिच्यात केंद्रकं पुष्कळ. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर आडवे पट्टे दिसतात, म्हणून पट्टकी. वजडीला अशी रेष सुटणार नाही, तिथे अपट्टकी स्नायूंच्या चातीसारख्या पेशी थर धरून बसलेल्या. चाती म्हणजे सूत कातायची, मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या. हृदय कापलं तर आणखी निराळं, पट्टे आहेत पण तंतू फांद्या फुटून एकमेकांना जोडलेले, त्यामुळे सगळं एकदम आखडतं. बेडकाचं हृदय बाहेर काढून मिठाच्या योग्य द्रावणात ठेवलं की ते चेतेविना ठोके देत राहायचं. मुलं घड्याळ विसरून बघत बसायची.

आणि चेता ऊती? मांडीच्या मागून हाडालगत जाणारी मळकट पांढरी चपटी दोरी मागून घ्या. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, चकाकते आणि सुटता सुटत नाही; चेता ओढली की तिचे धागे धागे होतात. त्या पांढरेपणातला मोठा भाग मायलिनचा, म्हणजे चेतेभोवतीच्या चरबीच्या वेष्टनाचा. त्या वेष्टनामुळेच माणसाच्या जलद चेतांत संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या पुढे जातो; बिनवेष्टनाच्या बारीक चेतांत तो जेमतेम मीटर-दोन मीटर सरकतो.

बारावी_बायो:
सर, गॅल्व्हानी या इटालियन शास्त्रज्ञाचं राहिलं! बोलोन्यात बेडकाचे पाय पितळी आकड्यांना लावून लोखंडी कठड्यावर टांगले की आखडायचे. 1791 मध्ये त्याने छापलं की वीज प्राण्यातच असते. व्होल्टा हा दुसरा इटालियन शास्त्रज्ञ म्हणाला नाही, दोन धातूंमुळे येते. त्या भांडणातूनच 1800 मध्ये बॅटरी आली ना?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर:
हो. आणि दोघांचंही थोडंथोडं बरोबर निघालं. त्या पायांना झटका धातूंमुळे बसत होता, पण प्राण्यात वीज असते हेही खोटं नव्हतं.

चुलीपाशी:
सासूबाईंना वाचून दाखवलं. "मेंदू आधी जातो" यावर त्यांची मान हलली, पण शिजवलं ते दुपार टळल्यावरच. एक विचारायचं राहिलं. त्यातलं निम्मं मटण मी सकाळीच, गरम असतानाच, फ्रीझरला टाकलंय. चालेल ना?

फरा_सीना_चाप:
अहो ताई, गरम मटण फ्रीझरला? चिवट होणार.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर:
दुकानदार बरोबर सांगतायत. ताठण्याआधी गारठलं की कॅल्शियम आवरलं जात नाही आणि स्नायू भलताच आकसतो. न्यूझीलंडच्या मांस उद्योगाला 1960 च्या सुमारास हीच डोकेदुखी होती. आणि ताठण्याआधीच गोठलेलं मटण वितळताना तर आणखी आकसतं, कारण एटीपी तसाच शिल्लक असतो. हाडासकट तुकडे असतील तर नुकसान कमी, हाड आकसू देत नाही. नुसतं बोनलेस असेल तर खिमा करा.

चुलीपाशी:
बोनलेसच आहे. खिमा.